सोलापूरहून 'सैराट'च्या मुलखात : एका दिवसात करमाळा तालुका कसा फिरायचा

पहिल्यांदा आम्ही गेलो ते मे महिन्यात आणि तिथंच सगळं चुकलं. सातजण, गाडी एकाच्या चुलत्याची, एसी नावालाच, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र, ते पिक्चरमधलं लांबपर्यंत पसरलेलं पाणी, त्यात होडी. चिखलठाणच्या पुढं पोचलो तर पाणीच गायब! भेगाळलेला गाळ, त्यावर कुणीतरी केलेलं वैरणीचं पीक, आणि लांब कुठंतरी एक चकाकणारी रेघ. शेळ्या घेऊन बसलेले एक बाबा आमच्याकडं बघून म्हणाले, "पाणी बघाया आलाव व्हय? मग दिवाळीला या की."

त्यानंतर दोनदा जाऊन आलो, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा जानेवारीत, आणि आता मित्र विचारतात तेव्हा प्रत्येकाला तेच तेच व्हॉइस नोट पाठवून कंटाळलो म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी थोडक्यात, ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे मूळचे जेऊरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुका. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची. पिक्चरचा पहिला भाग ह्याच करमाळा तालुक्यात शूट झाला आणि दुसरा हैदराबादला. म्हणजे गंमत बघा, सोलापूरच्या पुणे-हैदराबाद हायवेवर उभं राहिलं की एका बाजूला पिक्चरचा पहिला भाग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. हैदराबाद एका दिवसात होत नाय, तीनशेच्या वर किलोमीटर आहे आणि खरं सांगायचं तर तो भाग बघायला जावंसं वाटतही नाय. आपण झाडं, पाणी, केळी आणि विहिरींच्या बाजूला जायचं.

पहिलं काम : उजनी धरण किती टक्के आहे ते बघा

हे तारीख ठरवायच्या आधी, गाडी ठरवायच्या आधी, कारण पिक्चरमधलं ते पाणी ह्याच धरणाचं. सोलापूरकराला उजनीची टक्केवारी कळते, पेपरात रोज येते, पण ट्रिपसाठी ती कशी वाचायची ते सांगतो. धरणाची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी. टक्के मोजतात ते मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याचे, म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनस" ऐकू येतं. मायनस म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाय, पण करमाळ्याच्या बाजूचा काठ उथळ, जमीन सपाट, त्यामुळं पातळी थोडी जरी उतरली तरी पाणी कडेपासून फर्लांग-दोन फर्लांग मागं जातं. आमचं मे महिन्यात जे झालं ते हेच.

आणि दुसरी गोष्ट, करमाळ्यात पाऊस पडला का यावर काही ठरवू नका. उजनी भरते ती पुण्याकडच्या घाटातल्या पावसावर, तिकडची धरणं भरून पाणी सुटलं की भीमेतनं खाली येतं. त्यामुळं करमाळ्यात धुरळा उडत असतो आणि धरण शंभराच्या वर, असंही होतं.

माझं मत, नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी अखेर. पाणी काठोकाठ, ऊस अजून बराचसा उभा, ऊन सोसवतं, आणि नशीब असलं तर रोहित पक्षी दिसतात, म्हणजे फ्लेमिंगो, ते थंडीतच येतात. पण एक उलटी बाजू पण आहे. मे-जूनला पाणी खाली गेलं की धरणात गेलेल्या जुन्या गावांचे अवशेष वर येतात, कुगावच्या बाजूला इनामदारांच्या जुन्या वाड्याचे दगड, कुठं देवळाचं शिखर. पिक्चर सोडून ते बघायचं असेल तर उन्हाळ्यात जा, पण मग होडीचा फोटो विसरा. दोन्ही एका ट्रिपमध्ये मिळत नाय, आम्ही ट्राय करून झालंय.

दुसरं काम : पिक्चर परत बघा, पण वही घेऊन

सगळे म्हणतात "पाठ आहे बे पिक्चर". पाठ असतात ती गाणी आणि डायलॉग. मागं काय आहे ते कुणाच्या लक्षात नसतं. म्हणून जायच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून परत बघा. पिक्चर जवळजवळ तीन तासांचा आहे पण तुम्हाला इंटरव्हलपर्यंतचाच लागतो.

मोबाईलवर ओटीटी ॲपमध्ये स्क्रीनशॉट मारला तर काळा येतो, त्यात अर्धा तास घालवू नका. टीव्हीवर लावा, खोलीतली लाईट बंद करा, पॉज करून दुसऱ्या फोननं टीव्हीचा फोटो काढा. फोन आडवा धरून. असे पंधरा-वीस फोटो बास. मग त्यांचे तीन ढीग करा : पाणी, वावर, आणि गाव. पाण्यात होडी, काठ. वावरात ऊस, केळी, बांध, ट्रॅक्टर. गावात विहीर, देऊळ, गल्ली, कॉलेज, क्रिकेटचं मैदान. हे ढीग का करायचे तर दिवसातल्या उजेडाप्रमाणं ते तीन वेगवेगळ्या वेळांना बघायचेत, ते पुढं येईलच.

प्रत्येक फोटोत नायक-नायिका सोडून मागं बघा. काय बदलत नाय ते शोधा : दगडी बांधकाम, पायऱ्या, कमानी, देवळाचं शिखर, पाण्याची टाकी, हायटेन्शनचे टॉवर. झाडांवर, रंगावर, कंपाउंडवर भरवसा ठेवू नका. शूटिंग होऊन दहाएक वर्षं झाली, घरांना रंग बदलले, वर मजले चढले, आणि वाळकी झाडं काय कायमची उभी राहत नाहीत. आमच्यातला एकजण पिक्चरमधलं ते निष्पर्ण झाड, ते झाड करत दिवसभर मान बाहेर काढून बसला, प्रत्येक वाळकी बाभूळ दिसली की "थांबव थांबव". शेवटी गाडी थांबवणंच बंद केलं आम्ही.

माणसं, गाडी, हिशोब

पाचजण सगळ्यात बरे. सात म्हणजे प्रत्येक स्टॉपला कुणीतरी लघवीला गेलेलं असतं. एक ड्रायव्हर, एक स्क्रीनशॉटवाला जो पुढं बसेल, आणि एक हिशोबवाला ज्याच्याकडं सगळ्यांनी निघायच्या आधीच ठरलेली रक्कम जीपे करायची. नंतर देतो म्हणणाऱ्याला गाडीत घेऊ नका, हे मैत्रीसाठीच सांगतोय.

आत-बाहेर धरून गोल फेरा साधारण ३०० ते ३२० किलोमीटर होतो. गाडी पंधराचं ॲव्हरेज देत असेल तर वीस-एकवीस लिटर पेट्रोल, म्हणजे दोन-सव्वादोन हजार. टोल जाताना दोन लागतात, सावळेश्वर आणि वरवडे, फास्टॅगमध्ये पैसे बघून ठेवा. जेवण-चहा धरून माणशी नऊशे-हजारात आरामात होतं.

बुलेटवर जायचा मोह सगळ्यांना होतो, आर्चीमुळं. एवढं अंतर एका दिवसात बुलेटवर, त्यात उसाच्या ट्रॅक्टरमागं, मी तरी सांगणार नाय. रेल्वेनं जायचं तर सोलापूर-पुणे लाईनवर जेऊर स्टेशन आहे, पण तिथं सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि उतरल्यावर पुढं फिरायला गाडी बघावी लागते. एक मात्र खरं, जेऊरच्या पुढं भिगवणपर्यंत खिडकीतनं उजनीचं पाणी दिसतं ते लै भारी दिसतं. आणि जाताना केम लागतं, कुंकवाचं केम.

बरोबर घ्यायचं : कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. सोलापूर सोडताना हे घेतलं नाय तर वाटेत पोटाचे हाल नक्की. पाणी दहा लिटरचा जार. पॉवर बँक. जुने कपडे, कारण पुढं सांगतो.

सकाळ : पुणे नाक्यावर साडेपाच

साडेपाच म्हणजे साडेपाच. ग्रुपवर "निघालोच" लिहिणारा अजून अंथरुणात असतो, त्याला फोन करा. मोहोळ, शेटफळ, मोडनिंब करत टेंभुर्णी नव्वदएक किलोमीटर, रस्ता चौपदरी, सव्वासातपर्यंत पोचता. चहा तिथं घ्या. टेंभुर्णीत हायवे सोडून उजवीकडं करमाळा-नगरचा रस्ता धरायचा. सरळ गेलात तर भीमानगरला धरणाच्या भिंतीपाशी जाल, तेही छान आहे पण आज नको, वेळ जातो.

टेंभुर्णी सोडली की थोड्या वेळात कंदर. हे केळीचं गाव, इथली केळी परदेशात जाते. सकाळचं तिरकं ऊन केळीच्या पानातनं खाली येतं ना, तो उजेड साडेआठनंतर संपतो, म्हणून वावराचा ढीग सकाळी पहिला. पण कुणाच्याही बागेत थेट घुसायचं नाय. बांधावर उभं राहून हाक मारायची, "काका, दोन फोटो काढू का?" नव्वद टक्के लोक हो म्हणतात, वर केळी देतात. आत गेल्यावर खाली बघून चाला, ड्रिपच्या नळ्या असतात, पाय पडला तर शेतकऱ्याचं नुकसान. घडांना पिशव्या घातलेल्या असतात त्यांना हात नको. आणि केळीचा चीक कपड्याला लागला तर तो डाग जन्मात जात नाय, जुने कपडे घ्या म्हणलो ते ह्यासाठी. माझा पांढरा शर्ट गेला, आता होळीला घालतो.

उसाच्या फडात मात्र आत शिरू नकाच. पात्यानं हात-गळा कापतो, आत साप असतो, आणि हंगामात तोड चालू असते, कोयते चालू असताना मध्ये फोटो काढणारे कुणाला आवडतील?

पाणी : नऊ ते साडेदहा

कंदरवरनं जेऊर, जेऊरमधनं आत चिखलठाण, आणि त्याच्या पुढं कुगाव. रस्ता अरुंद होतो, स्पीड विसरा. पाणी सकाळी बघायचं कारण वारा. दहा-साडेदहापर्यंत पाणी आरशासारखं असतं, दुपारनंतर वारा सुटला की लाटा येतात, फोटो पण बिघडतो आणि धोका पण वाढतो.

आता हे नीट वाचा. २१ मे २०२४ ला ह्याच कुगावहून पलीकडं इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण गेले. इकडं लोकांना तो रोजचा रस्ता होता, फिरायला जाणाऱ्यांचा खेळ नव्हे. त्यामुळं लाईफ जॅकेट नसेल तर होडीत बसायचं नाय, कितीही जवळचा काठ असला तरी. आम्ही काय करतो, मासेमारी करून आलेली होडी काठाला लागलेली असते, त्या मालकाला विचारून काठावरच होडीशेजारी फोटो काढतो. पिक्चरचा नायक परश्या पण मासेमाऱ्याचाच मुलगा आहे, काठावरचा फोटो उलट जास्त खरा येतो. जाळ्यावर पाय देऊ नका, चपला तर नाहीच नाय.

चिखलापासून पण सांभाळा, वरनं वाळलेला दिसतो आणि आत गुडघ्यापर्यंत पाय जातो. एकाचा बूट अजून तिथंच आहे.

दुपार : करमाळा, आणि बारवेत ऊन कधी पडतं

अकरा-साडेअकराला करमाळ्याकडं निघा. गावाजवळच श्रीदेवीचा माळ, तिथं कमलाभवानीचं मंदिर. तुळजाभवानीचं दुसरं ठाणं मानतात. रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं. बाहेरच्या उंच दीपमाळा बघून मान दुखते. ९६ चा आकडा इथं सगळीकडं ऐकाल, देवळाचे खांब ९६ आणि बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्या ९६. आमच्यातल्या दोघांनी पायऱ्या मोजल्या, एकाच्या ९६ भरल्या आणि एकाच्या ९३, दुसरा मधेच फोनवर बोलत होता.

परश्याची विहिरीतली उडी पिक्चर बघणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात असते, आणि विहिरी-बारवा ह्या भागात गावोगावी आहेत. त्यांचे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढू नका. वर छान उजेड आणि खाली काळोख येतो. सूर्य डोक्यावर आला की ऊन तळापर्यंत उतरतं, पाणी हिरवं दिसायला लागतं, म्हणून करमाळा बाराच्या टायमाला ठेवलाय. पूर्ण बारव एका फोटोत घ्यायला फोनची वाईड लेन्स लावता तुम्ही, पण पिक्चरमधल्या फ्रेमशी जुळवायचं असेल तर साध्या एक एक्सवर ठेवा आणि पायानं मागं व्हा. वाईडनं कमानी वाकड्या येतात.

आणि उडी मारायची नाय. माझ्या मित्रांनाही हेच सांगावं लागतं म्हणून लिहितोय. आत किती गाळ आहे, खाली दगड कुठं आहे, काही दिसत नाय, पायऱ्यांना शेवाळ असतं. गावच्या पोरांचा त्या विहिरीतला जन्म गेलाय, आपण पोहायला शिकलोय टँकमध्ये. कुठल्याही विहिरीवर बायका धुणं धुत असतील तर कॅमेरा खिशात, वाट बघा नायतर पुढं चला.

दर्शन आधी, मासा नंतर. हा क्रम आमच्यात एकाच्या आईनं घालून दिलाय आणि आम्ही पाळतो. उजनीचा चिलापी तळलेला, बाजरीची भाकरी, रस्सा. बोर्ड बघून हॉटेल निवडू नका, ट्रक आणि एसटीचे ड्रायव्हर जिथं बसलेत तिथं बसा. ऑर्डर द्यायच्या आधी मासा आजचा का ते विचारा, आम्ही एकदा नाय विचारलं आणि परतीच्या वाटेवर गाडी पाच वेळा थांबली, जास्त सांगत नाय.

गावात विचारायचं कसं

जेवून झालं की गावाचा ढीग. पिक्चरमधल्या गावाचं नाव बिटरगाव. मॅपला टाकलं की फसाल, कारण करमाळा तालुक्यात त्या नावाची गावं दोन आहेत, बिटरगाव श्री आणि बिटरगाव वांगी. आणि पिक्चरमधलं बिटरगाव म्हणजे एकच गाव नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी शूट करून जोडलेलं गाव आहे ते. म्हणून मॅपच्या पिनमागं पळू नका, हातातल्या फोटोमागं पळा.

"सैराटचं शूटिंग कुठं झालं?" असं विचारलं की प्रत्येकजण आपल्या गल्लीकडं बोट दाखवतो, कौतुकानं. त्याऐवजी फोटो पुढं करा आणि पिक्चरचं नाव न घेता विचारा, "मामा, हा कट्टा कुठला ओ?" मग माणूस खरंच बघतो. चष्मा काढतो, लावतो, शेजाऱ्याला बोलावतो, दोघांचा वाद लागतो, आणि पाच मिनिटांत पत्ता निघतो. चहाच्या टपरीवर विचारा, पेट्रोल पंपावर नको, पंपावरची पोरं बहुतेक बाहेरगावची.

घरं असतील तर बाहेरूनच. तिथं माणसं राहतात, दहा वर्षं लोक येऊन दार वाजवतायत, त्यांना कंटाळा येत असेल का नाय? शाळा-कॉलेज असेल तर गेटवर शिपाईमामांना विचारून, तास सुटल्यावर.

अजून एक, आणि हे मी जरा जोरातच सांगणार. "खरी आर्ची कुठली?", "तुमच्यात कोण पाटील, कोण कोण?" असले प्रश्न तिथं विचारायचे नाय. गोष्ट बनवलेली आहे, पण ज्याच्यावर आहे, जातीबाहेरच्या प्रेमापायी होणारे खून, ते खोटं नाय, आणि तुम्ही रील करायला आलेले असता, समोरच्याला तिथं राहायचं असतं. शेवटच्या सीनची नक्कल करून रील बनवणारे पण बघितलेत मी. आमच्यातल्या एकाला सुचलं होतं, त्याला गाडीत बसवून ठेवलं.

पिक्चरमधलं झिंगाट गाणं लावायचंच असेल तर माळावर, गाडीचे दरवाजे उघडून, दहा मिनिटं. गावात नको.

परत : उजेड असतानाच निघा

चार-साडेचारला करमाळा सोडा. आलो त्याच रस्त्यानं येऊ नका, परांड्यावरनं बार्शी आणि बार्शीहून सोलापूर या. परांड्याचा भुईकोट किल्ला वाटेतच आहे, खंदक, दुहेरी तट, तोफा, अर्ध्या-पाऊण तासात वरवर होतो. त्याला वेगळा दिवस द्यायला पाहिजे खरं तर. बार्शीत भगवंताचं दर्शन आणि चहा.

घाई कशाची म्हणाल तर उसाच्या ट्रॉल्यांची. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला, आणि ड्रायव्हरला मोठ्यानं लावलेल्या गाण्यापुढं हॉर्न ऐकू जात नाय. अंधार पडला की ती ट्रॉली समोर दहा फुटांवर आल्यावरच दिसते. शेवटच्या टप्प्यात अंधार होतोच, तेव्हा पुढं स्क्रीनशॉटवाल्याला झोपू देऊ नका, त्याचं दुसरं काम हेच, रस्ता बघत राहायचं.

आठ-साडेआठपर्यंत सोलापूर. हिशोब गाडीतनं उतरायच्या आधी, तिथंच, सगळ्यांसमोर. आणि ज्या काकांनी बागेत सोडलं, ज्या मामांनी कट्टा ओळखला, त्यांचा नंबर निघतानाच घेतलेला असतो ना, त्यांचे फोटो त्याच रात्री व्हॉट्सॲप करा. उद्या करतो म्हणलं की राहतं. आमचं मे महिन्यातल्या त्या शेळ्यावाल्या बाबांचं राहिलं, नोव्हेंबरात प्रिंट काढून घेऊन गेलो तर म्हणाले, "बोललो व्हतो का नाय, दिवाळीला या."